सतरा नंबरची फ्रेम

१

फ्रेमा बत्तीस. काचा बत्तीस. खिळे चौसष्ट, कारण वाऱ्याने तिरकी होऊ नये म्हणून प्रत्येक फ्रेम दोन खिळ्यांवर टांगली होती. खालच्या चिठ्ठ्या बत्तीस. फोटो एकतीस.

मी दाराकडून पुन्हा मोजत आले. सतरा नंबरची फ्रेम जागेवर होती. सरळ होती. काच स्वच्छ पुसलेली होती आणि काचेमागे नुसता पांढरा पुठ्ठा होता. खालच्या चिठ्ठीवर छापलं होतं : 'विसावा. जुना हायवे, चौक.'

प्रदर्शन संध्याकाळी उघडणार होतं. दहिवलीतला हा हॉल एरवी साखरपुडे आणि बारशांसाठी भाड्याने जातो. धनेशदादाने तो आम्हाला फुकट मिळवून दिला, कारण फोटोंच्या विक्रीतून घाटाखालच्या वाड्यांसाठी ॲम्ब्युलन्स घ्यायची होती. सगळे फोटो कर्जत, चौक आणि खालापूरच्या रस्त्यांवरचे. रविवारी निघायचं, कॅमेरा एकच, तो आळीपाळीने फिरवायचा आणि कुठल्याच फोटोखाली कुणाचं नाव लिहायचं नाही. हे सगळे नियम धनेशदादाचे. आदल्या वर्षी गणपतीच्या प्रदर्शनात पोस्टरवर कुणाचा फोटो घ्यायचा यावरून अशी भांडणं झाली होती की दोन जण ग्रुप सोडून गेले. म्हणून या वेळी फोटो सगळ्यांचे. कॅमेरा फाइलमध्ये आपोआप जे लिहून ठेवतो, म्हणजे वेळ, झूम किती, तेसुद्धा त्याने पुसून टाकलं होतं. कार्ड दर रविवारी कोरं व्हायचं.

मी ग्रुपमध्ये उशिरा, चौथी म्हणून आले. या प्रदर्शनात माझा एकही फोटो नव्हता. फिजिक्समध्ये एमएस्सी केलं, आता खालापूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. मोजामापीचं काम म्हणून ग्रुपने फ्रेमांची जबाबदारी माझ्यावर टाकली.

मी सतरा नंबर खाली उतरवून उलटा केला. बाकीच्या फ्रेमांची पाठ आम्ही तपकिरी टेपने बंद केली होती. इथे ती टेप तीन बाजूंनी ब्लेडने कापली होती आणि कापलेल्या जागी दुसरी टेप लावली होती. पांढरी, कागदी, जखमेवर कापूस धरून ठेवायला लावतात ती. चार पट्ट्या. प्रत्येक पट्टीचं एक टोक बोटाच्या पेराएवढं आत दुमडलेलं.

"बुधाजीकाका, जरा इकडे या."

हॉलची चावी सांभाळणारे बुधाजीकाका झाडू घेऊनच आले. त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि झाडू भिंतीला टेकवला.

"तरी मी धनेशला बोललो व्हतो. त्या बाईला देऊन टाक म्हून."

"कोणती बाई?"

"तुला कुनी सांगितलंच नाय?" काका म्हणाले. "बस आदी."

२

आदल्या संध्याकाळी माझी शिफ्ट होती, त्यामुळे मी हॉलवर नव्हते. काकांनी सांगितलं ते असं.

आमच्या निमंत्रणपत्रिकेवर सतरा नंबरचाच फोटो छापला होता. रस्त्यावरच्या मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसलेले एक म्हातारबाबा. समोर उभी धरलेली काठी, मागे मैलाचा दगड, डोळे अर्धे मिटलेले. एक हात काठीवर, दुसरा उघड्या स्वेटरच्या आत, सदऱ्याच्या खिशापाशी. गालावर उजेड असा चमकत होता की बघणारा प्रत्येक जण आधी त्यावरच बोलायचा. मुंबईच्या एका जोडप्याने तो फोटो पत्रिकेवर पाहूनच राखून ठेवला होता. तीच पत्रिका चौकला कुणीतरी नंदा नावाच्या बाईला दाखवली आणि ती दिवेलागणीला हॉलवर आली.

"फोटोम्होरं उबी ऱ्हायली," काका म्हणाले. "बोलली, ह्यो माजा बापूस. येसाजी. मी म्हनलो, झ्याक आलाय फोटू. तर बोलली, ह्यो स्वेटर मी त्याला आदल्या दिशी कर्जतच्या बाजारातून आनला व्हता. त्यानं एकदाच घातला."

"एकदाच?"

"तितंच गेला ना तो. मोरीवर. त्याच दिशी." काकांनी खांद्यावरचा टॉवेल घडी केला, पुन्हा उलगडला. "मंग तिनं इचारलं, ह्यो फोटू कुनी काडला? त्याच्याजवल कोन व्हतं? तिगं बी गप."

तिघं म्हणजे ग्रुपमधले माझ्याआधीचे : धनेशदादा, हर्षलाताई आणि किरण. जानेवारीतल्या त्या रविवारी चौकला हेच तिघे गेले होते.

धनेशदादा आला तेव्हा मी त्याला रिकामी फ्रेम दाखवली. सहा फूट उंच माणूस, पण स्टुलावर बसला तेव्हा लहान दिसला.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले.

"काय सांगणार होतो? मी नाव बदलणार होतो फक्त. 'विसावा' कसं ठेवायचं आता?"

"म्हणजे फोटो ठेवणारच होतास?"

"राखून ठेवलेला फोटो आहे सुरभी. तोच काढला तर ॲम्ब्युलन्स कुठून येणार?" त्याने फ्रेम माझ्याकडून घेतली. "हो, ठेवणार होतो. नंदाताई रडत होती आणि माझ्या डोक्यात हिशोब चालू होता. झालं समाधान?"

"काल ती गेल्यावर हॉलमध्ये एकटं कोण होतं?"

"तिघंही, थोडा थोडा वेळ. मी तिला रिक्षात बसवायला गेलो. किरण मागच्या खोलीत स्टुलं लावत होता. हर्षला झाडत होती. मग मी परत आलो, ती दोघं चहाला गेली. कुणालाही जमलं असतं. मलाही."

"आणि त्या दिवशी मोरीवर कॅमेरा कुणाकडे होता?"

त्याने उलटी फ्रेम माझ्या हातात परत दिली.

"खरं सांगू? माझ्याकडे नव्हता एवढंच आठवतं. आणि हेही आठवतं, की जाताना माझा पाय त्यांच्या चपलेला लागला. मी सॉरी म्हणालो. त्यांनी मानसुद्धा हलवली नाही. मला वाटलं, म्हातारा रागावला."

तेवढ्यात दारात किरण उभा दिसला. चौकला त्याचं औषधांचं दुकान आहे. उंचीने ठेंगणा, बोलायला मोकळा.

"काय गं, तोंड का पाडलंयस? टेप संपली का? कागदी हवी तर माझ्याकडे बॉक्सभर आहे."

मी त्याला टेपबद्दल एक शब्दही बोलले नव्हते.

३

"तू कागदीच का म्हणालास?"

"अगं, तू फ्रेम उलटी धरून उभी आहेस. पांढरी पट्टी दिसतेय ना इथूनसुद्धा," किरण म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "ए, माझ्यावर येऊ नकोस हां. कागदी टेप तालुक्यात सगळीकडे मिळते."

मी त्याच्याबरोबर स्कूटरवरून चौकला गेले. दुकानात शिरल्यावर म्हणाले, "हे खोकं मला टेपने बंद करून दे." त्याने रोल घेतला, पट्टी दाताने तोडली, खोक्यावर दाबली, वरून तळहात फिरवला. दुसरी तशीच. दोन्ही पट्ट्यांची टोकं सपाट चिकटलेली.

"परीक्षा पास का?"

"ही पास. त्या दिवशी तू येसाजीबाबांना पाहिलं होतंस?"

गल्ल्यामागे जाऊन तो कॅल्शियमच्या बाटल्या सरळ करू लागला. त्या आधीच सरळ होत्या.

"पाहिलं. एका बाजूला कललेले होते. मला वाटलं, घेतलीय. सकाळी सकाळी कशी काय घेतात, असं हर्षलाला म्हणालोसुद्धा. हसत हसत." त्याने एक बाटली उचलून पुन्हा ठेवली. "माझ्या दुकानात सॉर्बिट्रेट असते गं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी. मोरीवरून दुकान दिसतं."

"हर्षलाताई काय म्हणाली?"

"काही नाही. ती पुढे गेली होती की मागे, तेही आठवत नाही. कालपासून आठवतोय."

नंदाताईची चहाची गाडी गॅरेजांच्या रांगेच्या टोकाला आहे. ट्रकवाल्यांना ग्लास देत देतच ती माझ्याशी बोलली. मी फोटो गेल्याचं सांगितलं तेव्हा तिने गॅस बारीक केला.

"आनि तुला वाटलं, मी नेला."

"विचारायला आले."

"चोरू कशाला? माज्याच बापाचा फोटू. मागितला असता. मागनारच व्हते आज." तिने एका ड्रायव्हरला हटकलं, "ए भाऊ, गिलास हितं ठेव, टायरवर नको." मग माझ्याकडे वळली. "मला फोटू नसला तरी चालंल. मला येकच कलायला पायजे. तो मोरीवर टेंपोची वाट बगत बसला. टेंपोवाला आला तवा थंड पडला व्हता. लोकं बोलली, झोपेतच गेला, तरास नाय झाला. मी तेच धरून चालले. आनि आता हा फोटू. म्हंजी कोनतरी त्याच्याम्होरं व्हतं. येवडं म्होरं, की स्वेटराची वीण दिसते."

"फोटोत तसं वाटतं. लांबूनही तसा काढता येतो."

"येतो ना? मंग लांबून काडला आसंल तर माजं काय भांडन नाय. लांबून मानसाला काय कलतं? पन जवल आसंल कोन..." तिने चहा गाळायला घेतला. "तर मला त्याला इचारायचंय, माजा बापूस काय बोलला का? पानी मागितलं का त्यानं?"

गाडीच्या खांबाला एक वेताची काठी टेकवलेली होती. खाली पितळेची टोपी. फोटोतली.

"ती ऱ्हायली हितंच," ती म्हणाली. "कुत्री हाकलायला बरी पडते."

मी निघाले. वाटेत माझ्या लक्षात आलं, की चोर शोधायला निघालेली मी आता दुसरंच काहीतरी शोधत होते.

४

फोटोंवर नावं नव्हती, म्हणून कुठला कुणाचा ते कळणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. दुपारी हॉलमध्ये एकटीच होते तेव्हा मी एकतीस फोटोंसमोरून फिरले आणि प्रत्येकात एकच गोष्ट पाहिली : कॅमेरा जमिनीपासून किती उंच होता.

ते ओळखायला अवघड नाही. सपाट रस्त्यावर कॅमेरा ज्या उंचीवर असेल, त्या उंचीच्या सगळ्या वस्तू, जवळच्या असोत की लांबच्या, फोटोत क्षितिजाच्या रेषेवर येतात. त्याहून ठेंगण्या वस्तू रेषेखाली राहतात, उंच वस्तू वर जातात. रिक्षाचा टप वरून दिसत असेल तर कॅमेरा टपापेक्षा उंच. टेबलाची खालची बाजू दिसत असेल तर कॅमेरा टेबलापेक्षा खाली.

फोटोंचे सरळ तीन गट पडले. पहिल्या गटात रिक्षांचे टप, हातगाड्यांवरचा माल, गर्दीची डोकी, सगळं वरून. किरण ठेंगणा, तो दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर उचलून धरतो. दुसऱ्या गटात क्षितिज उभ्या माणसांच्या कपाळावरून जात होतं. तो धनेशदादा. तिसऱ्या गटात टेबलांची खालची बाजू दिसत होती, आणि बसलेली भाजीवाली, बसलेला चांभार, पायरीवरची मुलं अगदी समोरासमोर होती.

माझ्या पहिल्याच रविवारी हर्षलाताईने मला खांद्याला धरून खाली बसवलं होतं. "बसलेल्या माणसाचा फोटो बसून काढायचा," ती म्हणाली होती. "वरून बघितलं की माणूस पेशंटसारखा दिसतो."

मी निमंत्रणपत्रिका काढली. येसाजीबाबांच्या मागे लांब जाणारा रस्ता जिथे संपत होता, तिथे पट्टी ठेवली. पट्टी बाबांच्या दोन्ही डोळ्यांवरून गेली.

बाहेर काहीतरी फुटलं. बुधाजीकाकांनी सतरा नंबरची फ्रेम पुसायला नेली होती आणि फुटलेल्या काचेचा तुकडा अंगठ्यात शिरला होता. रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

"काय नाय, काय नाय," काका म्हणत होते, पण चेहरा पडला होता.

"काका, हात वर धरा. असा, छातीच्या वर. बघू नका तिकडे, माझ्याकडे बघा." हर्षलाताई नुकतीच आत येत होती. खोपोलीच्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स आहे. ड्यूटी संपवून थेट आली होती. तिने पर्स उघडली, कापूस दाबला, टेप काढली. "जेवलात का? रिकाम्या पोटी चक्कर येते हं. आणि फ्रेम पुसायला कुणी सांगितली, साखरपुडा आहे का तिचा?"

काका हसले. तिने पट्टी फिरवली, तोडली आणि टोक आत दुमडून ठेवलं.

"टोक का दुमडलंस?" मी विचारलं.

"सवय गं. नाहीतर काढताना नखाने उचकटत बसावं लागतं, पेशंट ओरड..."

ती बोलता बोलता थांबली. मी सतरा नंबरची फ्रेम तिच्यासमोर टेबलावर उलटी ठेवली होती. चार पट्ट्या. चार दुमडलेली टोकं.

५

काकांना चहाला पाठवल्यावर तीच आधी बोलली.

"घरी आहे. दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये, कपाटावर. फाडायला घेतला होता, फाडवला नाही."

"का नेलास?"

"आज संध्याकाळी लोक त्याच्यासमोर उभे राहून म्हणणार होते, काय उजेड पकडलाय! सुरभी, तो उजेड नाहीये. घाम आहे. जानेवारीत, सावलीत बसलेल्या माणसाच्या गालावर घाम. काल नंदाताई बोलली आणि मी फोटोकडे पाहिलं, तर सगळं दिसलं. घाम. राखाडी ओठ. हात खिशात नाहीये, छातीवर आहे. मी रोज बघते हे. वॉर्डात लांबून ओळखते."

"रिकामी फ्रेम परत का टांगलीस? काचसुद्धा पुसलीस."

"माहीत नाही. बेड रिकामा झाला की आम्ही चादर घालतो."

"कॅमेरा तुझ्याकडे होता."

"हो." ती हाताची बोटं मोजल्यासारखी दाबत होती. "पण मी पलीकडे होते. हे ऐकून घे. रस्त्याच्या पलीकडे, गॅरेजच्या दारात, तिथे बसून झूम केलं. मला नीट आठवतंय. मध्ये ट्रक जात होते. तेवढ्या लांबून मला वाटलं, खिशात पुडी शोधताहेत. जवळ असते तर कळलंच असतं ना? मी नर्स आहे. जवळून कळलं नसतं, असं होऊच शकत नाही. कळलं नाही, म्हणजे मी लांब होते."

ती हे पहिल्यांदा बोलत नव्हती हे मला कळलं. रात्रभर स्वतःला सांगत बसली असणार.

"ते मोजता येईल," मी म्हणाले.

"फाइलमधलं तर सगळं पुसलंय."

"फाइल नको. फोटो आणि जागा पुरेशी आहे. काठी पुढे आहे, दगड मागे. तू जवळ असलीस तर पुढची काठी मोठी येणार आणि मागचा दगड एकदम लहान. लांब असलीस तर दोन्ही जवळजवळ एकाच मापात लहान होणार. झूम केलंस, कडा कापल्यास, तरी दोघांमधलं ते प्रमाण बदलत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नको म्हणेल. मीही मनातून थोडं तेच म्हणत होते. ती पलीकडे होती असं निघावं, असं मला वाटत होतं.

"मोज," ती म्हणाली. "आणि जो आकडा येईल तो नंदाताईसमोर सांग. मला एकटीला नको सांगूस."

"आणि आकडा तुझ्या बाजूने आला नाही तर?"

"तर तिला जे विचारायचंय ते मला विचारू दे."

६

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही मोरीवर पोचलो. हर्षलाताईने फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. धनेशदादा मागून आला. वाटेत त्याने मुंबईच्या जोडप्याला फोन करून फोटो विक्रीला नाही असं कळवलं होतं. किरण दुकान अर्धं उघडं टाकून आला. नंदाताई गाडी शेजारणीवर सोपवून, काठी घेऊन आली. फोटो कुणी नेला आणि कुणी काढला, ते हर्षलाताईने तिला स्वतः सांगितलं. नंदाताईने ऐकून घेतलं.

"लांबून काडला बोलतेस ना?" एवढंच तिने विचारलं.

"हो ताई. तिथून." हर्षलाताईने गॅरेजकडे बोट केलं.

"मंग बग बाय मोजून," नंदाताई मला म्हणाली.

मी तिला काठी फोटोतल्या जागी धरायला सांगितली. फोटोत काठीचं टोक जिथे टेकलं होतं, तिथे सिमेंटला पडलेली एक फट होती, ती सापडली. नंदाताईने आधी दोन्ही हात काठीवर ठेवले. "असाच बसायचा तो," ती म्हणाली. मग फोटोकडे बघून एक हात काढून घेतला.

काठी नव्वद सेंटीमीटर. मैलाचा दगड जमिनीपासून पंच्याहत्तर. काठीपासून दगड दीड मीटर मागे. मोजायच्या टेपचं दुसरं टोक धनेशदादाने धरलं होतं. त्याने प्रत्येक माप मोठ्याने वाचलं आणि मी पुन्हा तपासलं.

मग हर्षलाताई रस्ता ओलांडून गॅरेजच्या दारात, तिला आठवत होतं तिथे, उकिडवी बसली. किरणने दोन्ही बाजूंची वाहनं हात करून थांबवली आणि आम्ही काठीपासून तिच्यापर्यंत टेप ताणली. अकरा मीटर. एका टेंपोवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "रस्ता रुंद करताय का?"

"तुज्या सासऱ्याची जमीन जानारे, जा," नंदाताई म्हणाली. हातातली काठी तिने हलवली नाही.

मी कठड्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर फोटो ठेवला. हर्षलाताई परत आली आणि जरा बाजूला उभी राहिली. फोटोत काठी छत्तीस सेंटीमीटर भरली.

"काठी एवढी आली असेल," मी म्हणाले, "आणि फोटो गॅरेजमधून काढला असेल, तर या फोटोत दगड सव्वीस सेंटीमीटरच्या आसपास भरायला हवा."

पट्टी दगडाच्या पायाशी ठेवली. तेरा पूर्णांक चार.

मी पट्टी काढली, पुसली, पुन्हा ठेवली. तेरा पूर्णांक चार. धनेशदादाला मोजायला दिलं. त्याने डोळे पट्टीजवळ नेले, आणि या वेळी माप मोठ्याने वाचलं नाही. फक्त मान हलवली.

"मला भागाकार करायला लागेल," मी म्हणाले.

किरण आपल्या दुकानाच्या पाटीकडे बघत होता. ती तिथून वाचता येत होती. हर्षलाताई पुढे आली आणि काठीसमोर, कुणी न सांगता, उकिडवी बसली. तिचे डोळे कठड्यावर बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आले. तिने हात पुढे केला. बोटं काठीला लागली.

"दवाखान्याची गाडी घ्या तुमी, बाकीचे फोटू इकून," नंदाताई धनेशदादाला म्हणाली. "ह्यो मी घेऊन जाते." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "बोल गं. किती लांब व्हती ती?"

मी गणित दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं होतं.

"कॅमेऱ्यापासून काठीपर्यंत," मी वाचलं, "एक मीटर एकवीस सेंटीमीटर."